तहानलेला हत्ती

यमुनेपलीकडच्या सगळ्या वस्तीत मला सर्वाधिक संताप आणणारा मनुष्य माझ्या डोक्यावर राहत असे. यात अतिशयोक्ती नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो आणि ते दुसऱ्या. आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'वरचे' असा होई. "वरच्यांनी बोलावलंय यांना," असे पत्नी सहज म्हणे आणि नवखा पाहुणा हातातला कप खाली ठेवी. उभी नोकरी आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत शेजारी काढली होती. निवृत्तीनंतर दोघांनीही गाझियाबादच्या एका नव्या वसाहतीत, एकाच इमारतीत फ्लॅट घेतले. तिथे रस्त्याआधी बाल्कन्या आल्या होत्या आणि नळाच्या पाण्याआधी केबल टीव्ही. सामानाच्या त्या हलवाहलवीत माझ्या वडिलांच्या बुद्धिबळातला एक काळा हत्ती हरवला. पुढच्या सर्व संतापाचे मूळ त्या हत्तीत आहे.

वरच्यांना लाकूड कातण्याचे वेड होते. दिवंगत पत्नीच्या शिवणयंत्राचे पायडल त्यांनी एका छोट्या लेथला जोडले होते. बाल्कनीत बसून, पायाने ते चालवीत ते लाटणी, भोवरे आणि सुपारी मावेल एवढ्या डब्या कातत. वीज गेली की सारी वसाहत हवालदिल होई. माझ्या डोक्यावरची घरघर मात्र निर्वेध चाले. दर रविवारी ते माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येत. हत्तीच्या जागी मी खोकल्याच्या औषधाचे झाकण मांडले, ते त्यांना पाहवले नाही. त्यांनी एका मोडक्या खाटेचा शिसवी पाय काढला. इकडच्या चाळीस उन्हाळ्यांची लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सोसून तो हाडासारखा कोरडा झाला होता. होळीच्या दिवसांत, एका दुपारीत, हत्ती कातून झाला. तो डौलदार होता, हे मान्य केले पाहिजे. मी हात पुढे केला. त्यांनी मूठ मिटली.

"तहानलेला आहे अजून," ते म्हणाले.

ही तहान किती दिवसांची, हे मला ठाऊक असते तर मी झाकणावरच समाधान मानले असते. जवसाचे तेल कोमट करायचे. पहिल्या वेळी त्यात टर्पेंटाइन घालून ते पातळ करायचे, कारण इतके कोरडे लाकूड दाट तेल आत घेत नाही. डोक्याला आणि बुडाला, जिथे लाकूड आडवे कापलेले असते, तिथे ते अधिक पिते. म्हणून तिथे पुन्हा घालायचे. न प्यालेले पुसून घ्यायचे. मग आठवडाभर त्याच्याकडे बघायचेही नाही. आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पुसलेली फडकी ते बाल्कनीत एकेक सुटी करून दोरीवर वाळत घालीत. बोळा करून ठेवली तर जवसाचे तेल आपोआप पेटते, असे त्यांचे म्हणणे. सोसायटीने इमारतीची शोभा जाते म्हणून नोटीस दिली. वरच्यांनी ती नोटीस वाचली, आणि चांगला कागद आहे म्हणून तिच्यावर हत्ती निथळत ठेवला. आमच्या मुलीने, जी दिल्लीत जन्मली आणि जिचे मराठी निम्मे हिंदीत चालते, एकदा त्यांना सुचवले, "काका, तेल लावून टाका ना एकदाचं, बात खतम." ते म्हणाले, "लावतात ते साहेबाला. लाकडाला पाजतात." हे मात्र ते अधिकाराने बोलले. त्यांनी आयुष्यात एकाही साहेबाला तेल लावले नव्हते आणि ज्या टेबलावर रुजू झाले, जवळपास त्याच टेबलावरून ते निवृत्त झाले.

गणपती आले तरी हत्ती पीतच होता. सहा महिने मी झाकणाने शह दिले. एखाद्या मनुष्याच्या सहनशीलतेला मर्यादा असते, आणि माझी फार मोठी कधीच नव्हती. वरचे एका लग्नासाठी नागपूरला गेले. तुळशीला पाणी घालावे म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. मी तुळशीला पाणी घातले आणि हत्ती उचलला. करोल बागेतल्या एका पॉलिशवाल्याने अर्ध्या तासात त्याचा आरसा करून दिला. पुढच्या रविवारी मी विजयी मुद्रेने डाव मांडला. सातव्या की आठव्या खेळीला मी हत्ती उचलला. पटही बरोबर उचलला गेला. आतले तेल वाळले नव्हते, वर पॉलिश चढले होते. दोहोंचा मिळून गूळ झाला होता. उरलेल्या सोंगट्या जमिनीवर गडगडल्या. वरच्यांनी हत्ती पटावरून सोडवला, बोटांवर फिरवला आणि जागेवर ठेवला.

"पीत होता तो," ते म्हणाले. "तोंड दाबलंत त्याचं."

नंतरचे तीन रविवार ते आले नाहीत. घरघरही थांबली. मी पत्नीला म्हणालो, की लाकडाच्या एका तुकड्यासाठी एवढा राग शोभत नाही. तिने भाजी निवडताना वरही पाहिले नाही. "भावजींना हत्तीचं काही नाही. किल्ली त्यांनी तुळशीसाठी दिली होती."

क्षमा मागण्याचा मला सराव नाही. चौथ्या रविवारी मी पॉलिशपेपर आणि तो हत्ती घेऊन वर गेलो, त्यांच्या बाल्कनीत स्टुलावर बसलो आणि घासू लागलो. ते वर्तमानपत्र वाचत होते. त्या दिवशी अर्धे पॉलिश निघाले, उरलेले पुढच्या रविवारी. खालचे लाकूड पुन्हा फिकट, कोरडे दिसू लागले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"पाजा," ते म्हणाले.

पुढची होळी येईपर्यंत मी पाजत होतो. त्यानंतर तो हत्ती माझ्या पटावर आला. वर्षभरात त्यांच्या मुलाने त्यांना गुडगावला नेले. तिथे चौदावा मजला आहे, खिडक्या उघडत नाहीत आणि तेलाचा वास सुनेला सोसत नाही. लेथ कुठे गेला, मी विचारले नाही. जाताना ते मला इतकेच म्हणाले, "वर्षातून एकदा विचारत जा त्याला."

आता वर एक तरुण जोडपे राहते. दोघेही दिवसभर ऑफिसात असतात. अत्यंत शांत माणसे. त्यांच्याविरुद्ध मला एकही तक्रार सापडत नाही, आणि रविवारी हे फार जाणवते. मी दर होळीला हत्तीच्या डोक्यावर कोमट तेलाचा एक थेंब ठेवतो. यंदा थेंब दिवसभर तसाच राहिला. मी गुडगावला फोन लावला आणि म्हणालो, "प्याला नाही."

"उद्या पुन्हा विचारा," ते म्हणाले.

या वयातही हा मनुष्य मला थांबायला लावतो. दुसऱ्या दिवशी मी विचारले. थोडा प्याला.