ठीक साडेदहाची सभा

“कुणी हसायचं न्हाय. एवढं एकच मला जमवून द्या, बाई. बाकीचं मी बघते.”

रत्नाबाई मुधाळे माझ्या पुढच्या खोलीत ताट घेऊन उभी होती. ताटात हिरवा खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळदकुंकवाचा करंडा. समोर मी एक खुर्ची मांडून तिच्यात लोड उभा केला होता. लोड म्हणजे सयाजीराव, आधार विमा प्रतिनिधी मंडळाचे सोळा वर्षांचे अध्यक्ष. त्या लोडाची ओटी भरायची तालीम आम्ही चौथ्यांदा करत होतो.

मी चाळीस वर्षं गावोगावच्या रंगमंचांवर काढली. राणी झाले, कुंटीण झाले, कितीदा तरी विष पिऊन मेले. सूड कसा घ्यावा हे मला भूमिकेपुरतं ठाऊक आहे. पण हुपरीच्या या विमा विकणाऱ्या बाईनं तो जसा रचला, तसा रचलेला मी नाटकातसुद्धा पाहिला नाही. म्हणून लिहून ठेवते.

गोष्ट बारा वर्षांपूर्वी सुरू झाली. माझा रंगमंच तेव्हा सुटला होता, माइक सुटला नव्हता. मंडळाच्या वार्षिक सभेचं सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. वर्षभरात सर्वांत जास्त पॉलिसी करणाऱ्याला फेटा बांधायचा, ही मंडळाची रीत. त्या वर्षी कागदावर पहिलं नाव रत्नाबाईचं होतं. मी ते पुकारलं. ती पदर सावरत पायऱ्या चढून आली. फेटा बांधणारा पुढं झाला, तोच सयाजीरावांनी त्याचा हात धरला आणि माइक माझ्याकडून घेतला.

“बाईमाणसाला फेटा? मग अंबाडा कुठं ठेवायचा, खिशात? रत्नाक्का, तुमची आपण ओटी भरू. मान हाय त्यो.”

सभागृह हसलं. पाहुण्यांच्या पत्नीसाठी आणलेलं ताट पुढं आलं, त्यातला खण-नारळ रत्नाबाईच्या पदरात पडला. फेटा गेला दुसऱ्या नंबरच्या गुंडूच्या डोक्यावर. आणि मी काय केलं? कार्यक्रम पडू नये म्हणून माइक परत घेतला आणि म्हणाले, “रत्नाबाईंसाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत.” झाल्या. कुठली टाळी कशाची हे आम्हा मंचावरच्या माणसांना कानांनी कळतं. मलाही कळलं होतं. तरी मी ती मागितली.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या बातमीपत्रात तीन ओळी आल्या. ‘प्रथम क्रमांकाचा फेटा श्री. गुंडू यांना बांधण्यात आला. सौ. रत्नाबाई मुधाळे यांचा ओटी भरून यथोचित सन्मान करण्यात आला. सभागृहात हशा व टाळ्या.’ रत्नाबाईनं तो तुकडा कापून आपल्या डायरीच्या प्लास्टिकच्या कव्हरात सरकवला. डायरी दर वर्षी बदलायची, तुकडा तोच.

तिचा नवरा बाबासो घरीच पैंजण घडवतो. हुपरीत घराघरांतून भट्टी असते आणि उंबऱ्याशी बायका घुंगरू जोडत बसलेल्या असतात. रत्नाबाई त्यांच्याशेजारी बसायची. हात त्यांच्या कामाला लावायची आणि बोलता बोलता घरात कोण किती वर्षांचं, कुणाचा दम वाढलाय, कुणाची मुलगी दहावीला, सगळं काढून घ्यायची. आधी पॉलिसी द्यायची. मग त्याच घरच्या सुनेला म्हणायची, “तू बी परीक्षा दे की एजंटची. मी शिकवते.” हुपरीत अशा एकोणीस झाल्या. कागलच्या बाजूला अठरा. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत ती एसटीनं गेली, तिथल्या तेरा. एकूण पन्नास. प्रत्येकीला तिनं मंडळाचं सभासद करून घेतलं.

सयाजीराव खूश होते. “महिला आघाडी वाढली म्हणायची. चहाची चिंता मिटली,” असं ते भर बैठकीत म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी चिटणीसपद रिकामं झालं. ते कुणालाच नको असतं. सभेसाठी मंगल कार्यालय ठरवा, नोटीस काढा, बातमीपत्र छापा, जेवणाची कुपनं वाटा. सयाजीरावच म्हणाले, “रत्नाक्का, तुम्हाला घरकामाची सवय हाय. घ्या तुम्हीच.” तिनं मान खाली घालून घेतलं.

तेव्हा ती माझ्याकडे आली. नऊ वर्षांत त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. चहा घेतला, कप उपडा घातला आणि म्हणाली, “बाई, त्या दिवशी टाळ्या तुम्हीच मागितल्या होत्या.”

“मागितल्या होत्या,” मी म्हणाले.

“मग आता माझ्या बाजूनं उभं ऱ्हावं लागंल.”

तिनं बेत सांगितला, तेव्हा मी खुर्चीतून उठून तिला नमस्कार केला.

मंडळाचा कोरम एकावन्नाचा. साडेदहाची सभा असली की साडेदहाला दहा माणसंही नसतात. मग कोरमअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, कोरमशिवाय भरते. नियमच तसा आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळ्यांनी धरून ठेवलंय की साडेदहा म्हणजे अकरा. अध्यक्ष अकराला पाच कमी असताना येतात, सत्काराचा फेटा घरूनच बांधून, दोन गाड्या भरून माणसं आणि न आलेल्या सभासदांच्या मतांची गठ्ठाभर पत्रं घेऊन. आणखी एक नियम होता: अध्यक्षपदाचा उमेदवार निवडीच्या वेळी सभागृहात हजर पाहिजे. तो खुद्द सयाजीरावांनी केलेला. एका प्रतिस्पर्ध्याची आई दवाखान्यात होती, त्या वर्षी.

यंदा निवडणुकीचं वर्ष होतं. रत्नाबाईनं काहीही लपवलं नाही. एकवीस दिवस आधी बातमीपत्राच्या पहिल्या पानावर नोटीस छापली. विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्तातील चुकांची दुरुस्ती. विषय क्रमांक दोन, अध्यक्षांची निवड. खाली ठळक अक्षरांत: ‘सभा ठीक साडेदहा वाजता सुरू होईल.’

“कुणी वाचलं म्हणजे?” मी विचारलं.

“एजंट लोकं हाईत, बाई. गिऱ्हाइकाला सांगतील, अटी वाचून सही करा. स्वतः कवा वाचलंय?”

सभेच्या दिवशी मी दहालाच शाहूपुरीतल्या मंगल कार्यालयात पोचले. बायका एसटीतून उतरून येत होत्या, कुणी वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमधून. हजेरीच्या वहीत सही, हातात जेवणाचं कुपन, आणि गुपचूप खुर्चीत. वीस मिनिटांत सभागृह भरून गेलं, पण त्यात चाळीस-पन्नास बायकांचा आवाज नव्हता. असं प्रेक्षागृह मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाबासो मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसला होता.

दहा सत्तावीसला कागलची आदिती, त्या पन्नासांतली सर्वांत लहान, वही घेऊन रत्नाबाईजवळ आली. “काकू, मोजलं. तुम्हाला धरून पन्नास.”

“पन्नास कशा? मला सोडून पन्नास पायजेत.”

“शाहूवाडीची विठाबाई न्हाय आली. तिची गाडी बांबवड्याला बंद पडलीया.”

रत्नाबाईचा चेहरा मी पाहिला. बारा वर्षं एका एसटीत अडकली होती. सभा तहकूब झाली की अर्ध्या तासात त्या दोन गाड्या आणि पत्रांचा गठ्ठा येणार, आणि पन्नास बायका पुन्हा चहापुरत्या. तिनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडून गुंडू आत आला. तोच, फेटेवाला. जेवणाची देखरेख यंदा त्याच्याकडे होती. खांद्यावर पंचा, अंगाला मसाल्याचा वास. “काय गर्दी हाय ही सकाळच्या पारी,” असं म्हणत तो टेबलाशी आला. “आदिती, माझं कुपन दे आधी. मागच्या खेपंला मीच जेवण केलं आणि मीच उपाशी ऱ्हायलो.”

“सही करा की मग,” आदिती म्हणाली.

त्यानं सही केली. एकावन्न.

ठीक साडेदहाला रत्नाबाई मंचावर चढली. “कोरम पुरा झालाय. सभा सुरू झाली असं मी जाहीर करते.” गुंडू कुपन हातात धरून तसाच उभा राहिला.

“अध्यक्ष यायचं हाईत की अजून,” तो म्हणाला.

“येतील. बसा, गुंडूदादा. तुमच्यामुळंच चाललीया सभा.”

पहिला विषय मी वाचला. ‘बारा वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात प्रथम क्रमांक श्री. गुंडू असा आहे, तो सौ. रत्नाबाई मुधाळे असा वाचावा.’ पन्नास हात वर गेले. गुंडूनं थोडा विचार केला, मग त्यानंही केला. दुसरा विषय आदितीनं मांडला. उमेदवार एकच हजर होता. सात मिनिटांत सोळा वर्षं संपली.

मग बाबासो उठला. पिशवीतून त्यानं गुलाबी फेट्याचं कापड काढलं. महिनाभर तो घरी कळशीवर बांधायला शिकत होता, हे मला मागाहून कळलं. त्यानं बायकोच्या अंबाड्याला अंगठ्यानं किंचित दाबून जागा केली आणि फेटा बांधला. अंबाडा बसला की व्यवस्थित.

अकराला पाच कमी असताना बाहेर हलगी वाजली. सयाजीराव आत आले, भगवा फेटा, मागं वीस-पंचवीस माणसं. मंचावरच्या खुर्चीत गुलाबी फेटा बघून ते मधल्या वाटेत थांबले.

“हे काय लावलंय, रत्नाक्का?”

“सभा संपली, दादा. आभार ऱ्हायल्यात फकस्त. वर या.”

“कोरम?”

“एकावन्न. वही बघा.” त्यांच्या माणसांपैकी एकानं वही उघडली, शेवटची सही वाचली आणि गुंडूकडे पाहिलं. गुंडू स्वयंपाकघरात गेला होता.

मी माइक हातात घेतला. तालमीत ठरल्याप्रमाणे तीन श्वास थांबले. “मावळत्या अध्यक्षांचा सत्कार नूतन अध्यक्षांच्या हस्ते.”

आता न येणं म्हणजे पळून जाणं. ते वर आले. रत्नाबाईनं ताट उचललं. “फेटा तर तुम्ही घरनंच बांधून आलायसा. मग तुमची आपण ओटी भरू.”

“थट्टा पुरे झाली.”

“थट्टा न्हाय. मान हाय त्यो. तुम्हीच म्हणालता, याच जागी.” तिचा आवाज जराही चढला नाही. “उपरणं पुढं करा.”

सयाजीरावांनी सभागृहाकडे पाहिलं. हशा फुटावा म्हणून पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. हसणाऱ्या लोकांत माणूस स्वतः हसून सुटू शकतो. विनोद पडला की नट जशी प्रेक्षकांत एक तरी ओळखीची बत्तिशी शोधतो, तसे ते शोधत होते. पन्नास बायका त्यांच्याकडे बघत होत्या. एकीचाही ओठ हलला नाही. त्यांची स्वतःची माणसं हलगी धरून जमिनीकडे बघत होती.

त्यांनी उपरणं पुढं केलं. तांदूळ, खण, नारळ. तिनं घाई केली नाही. मी टाळ्या मागितल्या नाहीत. ते उपरण्याची गाठ धरून पायऱ्या उतरले आणि दारापर्यंत गेले, तेवढ्या वेळात फक्त वरच्या पंख्याचा आवाज येत होता.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पडलेल्या नटाचं मला नेहमीच वाटतं. त्यांनी अटी वाचल्या असत्या तर मी त्यांनाही चार टाळ्या मिळवून दिल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात रत्नाबाई बातमीपत्राचा कच्चा कागद घेऊन आली. मी चष्मा लावला. ‘प्रथम क्रमांकाचा फेटा सौ. रत्नाबाई मुधाळे यांना बांधण्यात आला. श्री. सयाजीराव यांचा ओटी भरून यथोचित सन्मान करण्यात आला.’

“‘यथोचित’ जरा जड होतंय,” मी म्हणाले. “‘मनःपूर्वक’ करू या?”

“नगं. शब्द तेच ऱ्हाऊ देत. मला पाठ हाईत.”

तिसऱ्या ओळीत मात्र तिनं पेननं खाडाखोड केली होती. ‘हशा व टाळ्या’ खोडून वर लिहिलं होतं: सभागृहात शांतता.