लाल रंगाखालचा दादा

आमच्या संग्रहालयाच्या तळघरात रेल्वेच्या जुन्या फोटोंच्या सहा हजार काचा आहेत. पूर्वी फोटो फिल्मवर नाही, काचेवर काढत. त्या पुसायच्या, नोंदवायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या 'अजून किती दिवस?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हे माझं काम. उत्तर मी देत नाही.

दर मंगळवारी तिथे गायब मास्तर यायचे. वय ब्याऐंशी, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि सोयीपुरते चालणारे कान. रेल्वेच्या फोटो विभागात त्यांनी पस्तीस वर्षं एकच काम केलं, नको ते गायब करायचं. नवं इंजिन कारखान्यातून निघालं की त्याचा फोटो निघायचा. मग मागची शेड, शिडी, तंगड्या पसरून बसलेला फिटर, सगळं मास्तर काचेवर लाल रंगाने झाकून टाकायचे. छापलं की तिथे नुसतं पांढरं. "एकदा चुकून धुराडंच उडवलं होतं मी," ते सांगायचे. "साहेब म्हणाले, बरं दिसतंय, राहू दे."

त्यांच्यामुळे माझं काम निम्म्यावर आलं. कुठली शेड, कोण फोरमन, सगळं तोंडपाठ. फक्त एका खोक्याशी पोचलो की त्यांना घरची आठवण व्हायची. "हे पुढच्या मंगळवारी," म्हणत पिशवी उचलायचे. असे सात मंगळवार गेले. म्हातारपणाचे चोचले म्हणून मीही हसण्यावारी नेलं.

त्या खोक्यात कारखान्यातल्या कामगारांच्या समूहफोटोची काच होती. चाळीस माणसं, आणि त्यातल्या बारा जणांच्या तोंडावर लाल रंग. संप मोडल्यावर ज्यांना हाकललं ते हे बारा. कामावरून काढलं तसं फोटोतूनही काढलं. त्यांतले एक मास्तरांचे थोरले भाऊ. हे मला मास्तरांनी सांगितलं नाही, त्यांच्या पुतणीने सांगितलं.

साठीला टेकलेली ही बाई आठव्या मंगळवारी काकांचा हात धरूनच आली. मी वर्तमानपत्रात या फोटोबद्दल चार ओळी दिल्या होत्या, त्या तिने वाचल्या होत्या.

"मी चार महिन्यांची असताना बाबा गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही," ती म्हणाली. "काका आईला नेहमी सांगायचे, वहिनी, काचेवर नुसता रंग आहे हो. ओल्या कापसाने पुसला की दादा जसाच्या तसा बाहेर येईल. आईने त्या भरवशावर जन्म काढला. आता ती नाही, पण मी आहे ना." मग काकांकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही इथे दर आठवड्याला येताय, मला पत्ताही नाही!"

मास्तर खुर्चीत बसले. पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते.

मी काच खालून दिवा लागणाऱ्या टेबलावर ठेवली आणि कापूस भिजवला. निगेटिव्हवर चेहरे काळे दिसतात, म्हणून एकेक पुसला की शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर सुलटा करून दाखवत होते. पहिला भरघोस मिशीवाला. दुसऱ्याने नेमके डोळे मिटलेले. पुतणी प्रत्येकाला बघून हरखत होती. "हे कोण, काका?" काका नाव सांगायचे, पण दर चेहऱ्यागणिक त्यांचा आवाज खाली जात होता. अकरा झाले.

"आता बाबा," म्हणत तिने चष्मा पुसला.

रंग निघाला. खाली काहीच नव्हतं. कॉलर होती, गळा होता, आणि त्याच्यावर कोरी काच. टेबलाचा दिवा तिच्यातून आरपार येत होता. मी भिंग लावलं. पात्याच्या आडव्या-उभ्या रेघा स्पष्ट दिसल्या.

तीस वर्षं मी हेच करते आहे, झीज कशी दिसते ते मला कळतं. पण तिचं तोंड पाहिलं आणि बोलून गेले, "जुनी काच आहे. कधीकधी वरचा फोटोचा थर सुटून येतो." घाईघाईने नोंदीचं कार्ड ओढलं. त्यावर 'नुकसान' आणि 'कारण' असे रकाने असतात. कारणात मी लिहिलं, काळानुसार झीज. मास्तर सुटले असते.

"खोडा ते," मास्तर म्हणाले.

"असू दे काका. तुमचा काय दोष त्यात?" पुतणी म्हणाली.

"खोडा म्हणतो ना! साहेब माझ्या पाठीमागे उभा होता. अकरा झाले. बाराव्याला म्हणाला, हा तुझा भाऊ ना? रंग उद्या पुसशील. आधी चाकूने खरवड, मग रंग लाव. नाहीतर तेरावा तू." "घेतला मी चाकू. हात थरथरलासुद्धा नाही, पोरी."

"आणि आईला जन्मभर सांगत होतात..."

"वहिनी विचारायच्या. काय सांगणार होतो?"

मी आधीचं खोडलं आणि लिहिलं, धाकट्या भावाने चाकूने खरवडले. मला त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू? त्या साहेबाचा जास्त, आणि मी खोडलेल्या ओळीचा सगळ्यात जास्त.

पुतणीने कार्ड वाचून त्यांच्यापुढे सरकवलं. "सही करा."

मास्तरांनी खिशातलं पेन काढून सही केली. पस्तीस वर्षांत त्यांच्या एकाही कामावर त्यांची सही नव्हती.

तिने कार्ड माझ्याकडे परत दिलं. मग ती म्हणाली, "आई म्हणायची, बाबा हसले की थेट तुमच्यासारखे दिसायचे."

"हो. सगळेच म्हणायचे."

"मग हसा."

मास्तरांनी मान वर केली. तिने खुर्ची ओढून अगदी त्यांच्यासमोर घेतली आणि चष्मा नीट बसवला.

"हसा ना काका. एकदा बघू दे मला."

त्यांनी प्रयत्न केला. तीनदा केला. ती समोरून हलली नाही.