इंजिन ओरडू दे

होड्या समुद्रकाठीच बांधतात असं सगळ्यांना वाटतं. पण जिची ही गोष्ट, तिच्या घरच्या होड्या डोंगरावर बांधल्या जायच्या, कारण लाकूड तिथे होतं आणि खालच्या दमट हवेत वडिलांना धाप लागायची. तयार झालेली होडी ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर जीपला जोडायचा आणि घाट उतरून बंदरावर न्यायची. गुडघ्यांनी साथ दिली तोवर हे काम वडिलांनी केलं. मग ते दादाकडे आलं. पण त्याचा हात रंध्यावर जितका सफाईने चालायचा तितका स्टिअरिंगवर चालेना. ट्रेलर लावून गाडी मागे घ्यायची म्हटलं की त्याला घाम फुटायचा. शेवटी किल्ली हिच्याकडे, धाकट्या बहिणीकडे आली. त्याच वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी परतली होती. कुणी काही बोलायच्या आत आपणच जीप मागून घेतली, असं ती सांगते.

पहिल्या काही खेपांना वडील शेजारी बसले. उतार लागायच्या आधी, रस्ता सपाट असतानाच दुसरा गिअर टाकायचा, हे त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. एकदा ट्रेलर मागून रेटायला लागला की मग गिअर शोधत बसायला वेळ नसतो. गाडी इंजिनानेच धरून ठेवायची, ब्रेकला मधूनमधून पाय लावायचा. इंजिन ओरडतं, तर ओरडू दे. चढावरही तेच, त्याचा दम संपायच्या आधी गिअर खाली घ्यायचा.

ती तसंच करायची. हळू जायची, पण होडीला ओरखडा म्हणून नाही.

एका खेपेला दादा सोबत होता. घाटात मागे एक मोटार लागली आणि सारखा हॉर्न वाजवायला लागली. त्यात इंजिनाचा आवाज ऐकून दादाचा जीव खालीवर होऊ लागला. इंजिन फाटेल, वरचा गिअर टाक, लोक खोळंबलेत, त्याचं चालूच. पुढे उतार जरा सौम्य दिसत होता. तिने तिसरा टाकला, मग चौथाही. वळणापाशी तीव्र उतार आला तेव्हा होडीचं सगळं वजन मागून अंगावर आलं. ब्रेक दाबत राहिली, तर जळका वास सुटला आणि पाय खोल खोल जाऊ लागला. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. तिने जीप त्यात घातली. दोघं वाचली, पण ट्रेलर आडवा झाला आणि होडीच्या एका बाजूच्या फळ्या तडकल्या.

घरी सगळ्यांनी मिळून ठरवलं की यापुढे होड्या भाड्याच्या ट्रकने जातील. वहिनीने पाण्याचा पेला देताना, तुझ्या जिवापेक्षा काही मोठं नाही, असंही समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गाडी मी चालवत होते, म्हणजे चूक माझीच. पण ती कुठली, ते मला ठाऊक आहे. मी चुकीच्या माणसाचं ऐकलं."

दादा उठून बाहेर गेला.

फळ्या तिने आणि दादाने मिळून बदलल्या. कामापुरतं बोलणं, बाकी खिळे ठोकल्याचा आवाज. होडी न्यायच्या दिवशी ट्रकवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ट्रेलर जीपला जोडून झाला होता. हुकाची साखळी लावून ती हात पुसत होती. त्याला परत पाठव, एवढंच तिने दादाला सांगितलं. दादाने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी जीपकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

"एकटी नाही जायचं," दादा म्हणाला.

"बस मग. पण घाटात तोंड उघडायचं नाही."

उतार लागायच्या आधीच तिने दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडायला लागलं, मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. रस्ता रुंद असेल तिथे ती कडेला होऊन वाट द्यायची, पण वेग काही वाढवला नाही. एक जण पुढे जाऊन आडवाच थांबला. उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, जमत नसेल तर चालवू नका."

"जमतंय म्हणूनच हळू चालवतेय," ती म्हणाली. "तुम्हाला पुढचा रस्ता मोकळा आहे. निघा."

तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. दादाने समोर डॅशबोर्डवर दोन्ही तळवे रेटून धरले होते. दोनदा त्याचे ओठ हलले, दोनदा तिने नुसतं पाहिलं, आणि त्याने शब्द गिळला.

बंदरावर पोचल्यावर ब्रेक तापलेत का ते बघायला तिने जीपच्या चाकाजवळ हात नेला. चाक जेमतेम कोमट होतं. दादानेही हात नेऊन पाहिला.

"तरी इंजिनाचं आयुष्य कमी होतं," तो म्हणाला.

"होऊ दे. माझं वाढतंय."

यावर मात्र त्याला हसू आलं.

घाटातले गाडीवाले पुढे तिला 'दुसरा गिअर' म्हणू लागले, तेही चिडवायला. तिच्या कानावर आलं तेव्हा तिने ट्रेलरच्या मागच्या फळीवर तेच नाव लिहून घेतलं. रंगाचा डबा दादाच्या हातात होता. अक्षरं मोठी काढ, म्हणाली, हॉर्नवाल्यांना लांबून दिसली पाहिजेत.