पाखाडीची सवय आणि गुदाउरीचा बर्फ

"स्कीवर न पडता एकदा जरी बर्फाच्या उतारावरून खाली आलीस, तर पुढच्या वर्षी मोहोर सोडून मी येतो!" फवारणीचा पंप धुता धुता आमच्या अहोंनी पैज लावली आणि मी त्याच संध्याकाळी जॉर्जियाची तिकिटं काढली. अहो हापूसचे बागायतदार. लग्नानंतर एकाही थंडीत हा माणूस गावाबाहेरच्या हातखंबा नाक्याच्या पुढे गेलेला नाही. मला ते बरोबर हवे होते, पैज घेतली ती तेवढ्यासाठीच. सोबतीला त्यांची थोरली बहीण शुभाताई. त्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सूचना फुकट.

मुंबईहून विमानाने तिबिलिसी, तिथून टॅक्सीने दोन-अडीच तास घाट चढला की स्कीचं गाव गुदाउरी. व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासा. स्की, बूट, काठ्या, जाड कपडे सगळं भाड्याने मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, डाळ-तांदूळ घरून न्या, खिसा शाबूत राहतो. पण एकदा तरी बाहेर जेवाच. खिंकाली हुबेहूब मोदकासारखी दिसते. शुभाताईंनी वर तूप मागवलं आणि पहिल्याच घासाला खिम्याचा रस्सा हनुवटीवर! "सारण चुकलंय हो यांचं," म्हणत त्यांनी ताटली संपवली.

शिकवणारा गियोर्गी दाढीवाला, मोडक्या इंग्रजीचा. मला वाटलं, उतार तो काय शिकवणार? शेवाळलेल्या पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या आम्ही भर पावसात उतरतो. अंग मागे, भार टाचेवर. तेच केलं. स्की पुढे पळाल्या, मी मागे राहिले.

"फॉरवर्ड!" गियोर्गी ओरडला.

उतारावर पुढे वाकू? आमच्याकडे असं वाकणारा थेट दवाखान्यात भेटतो. तो ओरडे तशी मी आणखी मागे रेले आणि आपटे. बालवाडीतली पोरं शेजारून सुळकन जात आणि वळून बघत.

संध्याकाळी मात्र धमाल. बर्फातच गाणी, स्कीचे बूट घालून नाच. शुभाताई गियोर्गीबरोबर नाचत असताना अहोंचा फोन.

"कितीदा पडलीस?"

"रेंज नाही हो इथे," म्हणून मी फोन ठेवला.

शेवटच्या सकाळी माझं अवसान गळालं होतं. पुढची थंडीही एकटीचीच, असं वाटून रडू आलं. खाली मोबाईल धरून उभ्या शुभाताई वर्गात ओरडावं तशा ओरडल्या, "अगो वृंदा, लावणीला वाकतेस तशी वाक! गुडघे सोड!"

माहेरी चिखलात भात लावलेली मी. वाकले. आणि काय सांगू, स्की ऐकायला लागल्या! थेट शुभाताईंच्या पोटावर जाऊन थांबले, पण उभी.

घरी अहोंनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, खोट सापडेना. मग मला चेव आला. "बघा, असं वाकायचं," म्हणत बागेतल्या पाखाडीवरून निघाले. खाली सुकी पानं. चौथ्या पायरीवर पालथी, घोटा सुजला.

"पडलीस!" अहो खूश.

"पैज बर्फातली होती."

अहोंनी पायाला पट्टी बांधून दिली आणि स्कूटर काढून गेले. तासाभराने परत आले, ते पासपोर्टचे फोटो काढून. फोटोत चेहरा असा, जणू पाय त्यांचाच मोडलाय.