मुकादमाचे नाव

गावाकडची वाडी सोडली त्या सकाळी घराची किल्ली कोणाकडेही ठेवली नाही. शेजारच्या वहिनींनी हात पुढे केला होता. मी किल्ली खिशात घातली आणि रिक्षात बसलो. "विचारलं तेवढंच सांगावं," असे आई म्हणत असे. मुंबईत गोदी कामगारांच्या युनियनमध्ये तीस वर्षे काढल्यावर मी तेवढेही सांगेनासा झालो.

आता बहारीनला, उम्म अल हस्सम भागात मुलाकडे असतो. पहिल्याच आठवड्यात त्याने बजावले, "बाबा, इथं युनियनचं काही बोलू नका. तुमचा व्हिसा माझ्या जॉबवर आहे." नातीला मराठी समजते, उत्तर इंग्रजीत येते.

खालच्या मजल्यावर डॅनियल राहत असे. मूळचा डर्बनचा; मुलगी इथे नर्स. तो तिकडे कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतणारा कटर आणि कामगार संघटनेचा चिटणीस होता. वर्णद्वेषी सरकारविरुद्धची पत्रके कोटांच्या अस्तरात शिवून गावोगाव धाडली, त्यापायी चौदा महिने एकांत कोठडी भोगली, असे तो सांगे. पहिल्याच भेटीत त्याने मला कॉम्रेड म्हटले. ओळखपाळख नसताना कॉम्रेड म्हणणारा बहुधा पोलिसांचा निघतो, हा माझा अनुभव.

संध्याकाळी केरळी माणसाच्या दुकानात चहा घेताना आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलत असू. मीही गोदीतल्या आमच्या संपाची हकीकत सांगे, हातचे राखून. पत्रके छापणाऱ्याचे नाव त्याने आधी फिलिप सांगितले. पंधरा दिवसांनी तोच मोझेस झाला. खरोखर लढलेला माणूस हे नाव विसरणार नाही. मी तोंडावर विचारले.

तो हसला. "संपात तुम्हाला लपवणारा आधी गणपत होता, परवा तुकाराम झाला. तेव्हाच म्हटलं, हा म्हातारा खरा आहे."

दोघेही सवयीने खोटी नावे सांगत होतो. मग त्याने खरे सांगितले. पत्रके त्याची थोरली बहीण छापत असे.

"आमचं ते सरकार गेलं," तो म्हणाला. "आता नाव लपवलं तर फक्त तिचं काम लपतं. तुम्ही कोणाला वाचवताय?"

मी चहाचे पैसे दिले आणि उठलो. गेल्या महिन्यात तो डर्बनला परतला.

वाडीतल्या मंडळींनो, म्हणून हे पत्र. संपात माझ्यावर वॉरंट निघाले तेव्हा अकरा दिवस मला मुंबईतल्या स्वतःच्या खोलीत लपवून ठेवणारा माणूस म्हणजे आपल्याच वाडीतला, गोदीवरचा दत्ताराम मुकादम. ज्याला तुम्ही मालकाचा माणूस म्हणालात, ज्याच्या मुलाच्या, सुभाषच्या लग्नात वाडीतले कोणी जेवले नाही, तोच. मीही गेलो नव्हतो. तो हयात असताना त्याच्या नोकरीसाठी गप्प राहिलो. तो वारल्यावर केवळ सवयीने, अशी मनाची समजूत घातली. ते खरे नाही. लाज वाटत होती.

हे पत्र सुभाषसमोर मोठ्याने वाचावे आणि तो काय म्हणतो ते कळवावे. वाडीतले घर कागदोपत्री माझेच आहे. तिथे परत यायचे की नाही, ते सुभाषने सांगायचे.