कागदाच्या खांबात नाना

परवा नृसिंह जयंतीला गावी होतो, पाचोऱ्याजवळ. तुम्ही मला ऑफिसात लॅपटॉपपुढे बघता, पण त्या संध्याकाळी मी हिरण्यकश्यपू असतो... आणि माझे वडील, नाना, नृसिंह.

आमच्या देवळाचा सभामंडप मुळी सोंगांसाठीच बांधलाय. मधला चौक एक पायरी खोल, तीन बाजूंना लोकांना बसायला ओटे, आणि चौथी बाजू गाभाऱ्याची, म्हणजे खेळ देवालाही दिसावा. तिथे एका जाड सागवानी खांबाला लागून कामट्या-कागदाचा पोकळ खांब उभा करतात. नाना मुखवटा घालून त्यात बसतात, पाठ खऱ्या खांबाला टेकून.

मी गदेने त्या खऱ्या खांबावर तीन ठोके मारायचे. वाद्यांच्या गजरात आत काही ऐकू येत नाही, ठोका पाठीलाच कळतो. तिसऱ्याला देव कागद फाडून बाहेर येतो. बाहेरून कागदाला कोणी हात लावायचा नाही, कारण आत देव असतो.

हिवाळ्यात नानांना धुळ्याला नेऊन स्टेंट टाकलाय. यंदा दुसऱ्या कोणाला बसू द्या म्हणून मी खूप मागे लागलो. त्यांनी ऐकलं नाही... आणि त्या दिवशीचं ऊन तर विचारूच नका.

पहिला ठोका मारला. दुसरा. तिसरा... कागद हललाच नाही.

वाद्यं थांबली. आत एवढा उकाडा, त्यात तोंडावर लाकडी मुखवटा... श्वास चालू असेल ना? कागद फाडावा तर सगळं गाव बघतंय, न फाडावा तर आत माझा बाप आहे.

काही सुचेना. प्रल्हादाला विचारायचं वाक्य मी खांबालाच विचारलं, "आहे का यात तुझा देव?" आवाज फाटला. परत विचारलं, "आहे का?" ओट्यावरून कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "काय काम करी ऱ्हायना!"

मी कागदाला हात घातलाच होता. तेवढ्यात आतून नानांचा दबका आवाज आला. "आठेच शे मी. जोरमा मार ना, भाऊ."

नाना इथेच होते, वर जोरात मार म्हणत होते! तेव्हा कुठे लक्षात आलं. त्यांच्या छातीला हादरा बसू नये म्हणून मी गदा नुसती टेकवत होतो. पाठीला ठोका लागलाच नव्हता, आणि नाना आपले शांतपणे वाट बघत बसले होते.

मग असा हाणला की वरची कबुतरं उडाली. कागद फाटला, नाना बाहेर आले आणि रीतीप्रमाणे मला उंबऱ्यावर मांडीवर घेतलं. लोक जयजयकार करत होते, माझ्या पोटावर वाघनखं फिरत होती... आणि मी नानांच्या छातीला कान लावून मेलो होतो.

नंतर जो तो पाठ थोपटत होता, काय घाबरलास रे, अगदी खरं वाटलं. आमचा नृसिंह प्रल्हादाला पावतो, एवढंच आजवर माहीत होतं... यंदा तो हिरण्यकश्यपूलाही पावला.