वरच्या साहेबावर एक फुली

माझी बायको चोर म्हणून गेली. ती चोर नव्हती. हे दोन्ही आधीच लिहून टाकतो, म्हणजे मी पुढे जे बोलेन ते का बोललो असं कुणी विचारायला नको.

ती एका शाळेत शिपाईबाई होती. घंटा द्यायची, माठ भरायचे, वर्ग झाडायचे, लहान पोरांची नाकं पुसायची. शाळेच्या कपाटातली चांदीची समई नाहीशी झाली. कपाटाची किल्ली हिच्याकडे असायची, म्हणून हिला काढलं. तशीच किल्ली आणखी दोघांकडे होती, पण ते दोघं संस्थेचे पदाधिकारी. त्यांना कोण विचारणार? खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो. संस्था हायकोर्टात गेली. तिथं तारखा सुरू झाल्या. तारखा म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्यानं देवाला नारळ फोडावा.

शेवटी एका न्यायाधीशापुढे सगळं नीट ऐकलं गेलं. आवाज मऊ होता त्याचा. ही भिंतीला टेकून उभी होती, ते बघून म्हणाला, "बाईंना बसायला जागा द्या." एवढ्यावर आमची बाई विरघळली. दोन्ही वकिलांचं ऐकून घेतलं, कागद बंद केले आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. बाहेर आल्यावर वकिलानं मराठीत सांगितलं, "निकाल राखून ठेवलाय."

जिन्यात ही मला म्हणाली, "अहो, ऐकलंत का? आपल्यासाठी राखून ठेवलाय."

"आपल्यासाठी नाही गं. नुसता राखून ठेवलाय."

"नुसतं कुणी काही राखून ठेवतं का? राखून कुणासाठी तरीच ठेवतात."

तिच्या स्वयंपाकघरातली भाषा होती ती. पोरगा उशिरा यायचा असला की त्याच्या वाटणीची भाकरी फडक्यात राखून ठेवायची. मी भिंती रंगवून अंधार पडल्यावर घरी यायचो, तर आमटीतला घट्ट गोळा माझ्यासाठी राखलेला असायचा. तिला वाटलं, तिच्याही वाटणीचं कुणीतरी झाकून ठेवलंय. ती वाट बघत राहिली. साहेब मात्र दुसऱ्या राज्यात हायकोर्टाचा मुख्य होऊन गेला, आणि तिथून दिल्लीला, सगळ्यात मोठ्या कोर्टात. निकाल न देता. वकील म्हणाला, "काका, आता दुसरे न्यायाधीश. सगळं पहिल्यापासून."

हिला सांगितलं तर म्हणाली, "पण जाताना कुणाकडे तरी देऊन गेले असतील ना?"

त्यानंतर ती फार जगली नाही. साखर तिला होतीच, औषध घ्यायचं तिनं सोडलं. शाळेतली एकच बाई मयताला आली, तीही पदर पुढे ओढून, कुणी बघू नये म्हणून.

मुलगा तेव्हा जपानला होता. संगणकवाल्या पोरांना त्या काळात तिकडे फार मागणी. आला आणि आईचे दिवस होताच मला घेऊन गेला. निशी-कसाई नावाच्या वस्तीत त्यांचं घर, आणि ऑफिस पार कावासाकीला. सकाळी गेलेला माणूस रात्रीच दिसायचा. सूनबाई कोनबिनीत, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धा दिवस कामाला जायची. तिला तिथली भाषा मुलापेक्षा जास्त यायची. मुलगा ऑफिसात इंग्रजीवर निभावून न्यायचा, सूनबाईला मात्र गिऱ्हाइकांशी बोलावं लागायचं. खाली मेथी मिळायची, डाळ मिळायची, आपली पोरं लॅपटॉपच्या पिशव्या लटकवून फिरायची. सगळे मला एकच सांगायचे, "काका, आता विसरा." मी म्हणायचो, "तुमची मेली तर विसराल का?" मग सांगायचे बंद झाले.

एका सुट्टीच्या दिवशी मुलानं लॅपटॉपवर मराठी पेपर उघडून दिला. देशाचा सरन्यायाधीश यापुढे कोण कोण होणार, असं काहीतरी आलं होतं, आणि खाली फोटोंची ओळ. त्या ओळीत तो होता.

मी म्हटलं, "हा?"

मुलानं फोटोखालचं नाव वाचलं. त्यानंही ओळखला होता.

"हा देशाचा सगळ्यात मोठा न्यायाधीश होणार?"

"नंबर लागला तर होईल बाबा. सीनिऑरिटीनं होतं ते. जो आधी त्या कोर्टात आला, तो आधी. जाणारा येणाऱ्याचं नाव सुचवतो, राष्ट्रपती सही करतात."

"म्हणजे रॉकेलच्या रांगेसारखं. डबा ठेवला की नंबर आपला."

"तसं नाही बाबा..."

"मग कसं? त्यानं किती निकाल दिले, किती गिळले, हे कोण बघतं?"

"बाबा, ते इतकं सोपं नसतं."

"तुझ्या आईला सोपं नव्हतं."

सूनबाईनं चहा पुढे ठेवला आणि मुलाला डोळ्यांनीच गप्प केलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. वाटत होतं. मारावं वगैरे नाही. त्याला कुणीतरी उभं करून विचारावं, बायकोला विचारलं तसं, सगळ्यांसमोर: किल्ली तुझ्याकडे होती ना, मग निकाल कुठाय? मी मुलाला म्हटलं, "मला दिल्लीचं तिकीट काढून दे. त्याच्या बंगल्यासमोरच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहितो, 'निकाल कुठाय?' बाकी काही लिहीत नाही."

"आत टाकतील तुम्हाला."

"टाकू दे. त्या निमित्तानं तरी आमचं काहीतरी कोर्टात चालेल."

हसला. मी विनोद केला नव्हता.

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. शिक्षण सातवी, पण अक्षर दुकानदारांना हवं तसं ठळक. निवडणूक आली की आमची दिवाळी. 'अमुक निशाणीवर फुली मारून प्रचंड मतांनी विजयी करा.' हे वाक्य मी इतक्या भिंतींवर लिहिलंय की झोपेतही लिहीन. फुली तांबड्या रंगात, दोन फटक्यांत, सुकायच्या आत. आमच्याकडे फुली म्हणजे हा आपला माणूस.

तिकडेही निवडणूक आली. बागेच्या कोपऱ्यावर फळ्यांचा एक बोर्ड उभा केला, त्यावर आखलेले चौकोन, प्रत्येक उमेदवारानं आपल्या चौकोनात आपला कागद चिकटवायचा. एकही भिंत रंगवलेली नाही. म्हटलं, इथं मी उपाशी मेलो असतो. मी तो बोर्ड बघत उभा असताना खालच्या मजल्यावरची म्हातारी आली. आमच्या इमारतीच्या कचऱ्यावर तिचं राज्य होतं. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून घातलेली जाळी ती रोज सरळ करायची आणि चुकीच्या दिवशी पिशवी ठेवणाऱ्याला दारात जाऊन झापायची. मला दोनदा झापलं होतं. मी तिला आजीबाई म्हणायचो, ती मला ओजीइसान, म्हणजे आजोबा. वयानं दोघं सारखेच.

सूनबाई सोबत होती. म्हातारीनं तिला विचारलं, "आजोबा काय एवढं बघतायत?"

"ते भारतात निवडणुकीच्या भिंती रंगवायचे."

"आमच्या इमारतीची भिंत नुकतीच रंगवून झालीय म्हणावं. लांब राहा."

तिच्या हातात जुन्या पेपरांचा गठ्ठा होता, रद्दीत द्यायला काढलेला. वर एक छापील पत्रक, माणसांचे फोटो, फोटोंखाली बारीक अक्षरं. मी म्हटलं, हे उमेदवार तर बोर्डावर नाहीत. सूनबाईनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बाबा, हे न्यायाधीश आहेत. इथल्या सुप्रीम कोर्टाचे. खाली त्यांनी कोणकोणते निकाल दिले ते छापलंय. निवडणुकीच्या दिवशी लोक यांच्यावरही मत देतात."

मी बाकावर बसलो. म्हटलं, पहिल्यापासून सांग.

म्हातारीही बसली. तिनं सांगितलं, सूनबाईनं मराठीत केलं. मुख्य न्यायाधीश मंत्रिमंडळ ठरवतं, सम्राट नेमतात. बाकीचेही मंत्रिमंडळच नेमतं. पण नेमल्यावर पहिली निवडणूक येईल तेव्हा त्यांची नावं कागदावर छापून प्रत्येक मतदाराच्या हातात देतात. ज्याला काढून टाकायचं, त्याच्या नावावर बात्सु करायचं.

"बात्सु म्हणजे?"

म्हातारीनं हवेत बोटानं फुली काढली.

मी म्हटलं, "ही तर निवडून द्यायची खूण."

"काढून टाकायची," म्हातारी म्हणाली.

"आमच्याकडे निवडून द्यायची."

"मग तुमच्याकडे काढून कसं टाकतात?"

मी पत्रक हातात घेतलं.

मी विचारलं, "आजीबाई कोणाकोणावर मारतात फुली?" म्हातारी हसली. आजवर एकदाही मारली नव्हती. ही नावं ओळखीची नसतात, म्हणून कागद कोराच पेटीत टाकते. आणि कोरा टाकला तर? तर तो होकार धरतात. आणि फुलीऐवजी दुसरं काही काढलं तर मत बाद.

"म्हणजे गप्प बसलं की हो धरतात," मी म्हटलं. "आमच्याकडेही हेच. आमची बाई आयुष्यभर गप्प बसली."

मग मी सांगितलं. समई, किल्ली, जिना, भाकरी, सगळं. सूनबाई मध्येच थांबायची, 'राखून ठेवला'ला तिला जपानी शब्द सापडेना. शेवटी तिनं भाकरीचंच सांगितलं बहुतेक, कारण म्हातारीनं हात तोंडावर नेला. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "निकाल दिला नाही, आणि वर बढती?"

"हो."

"हिदोई," ती म्हणाली. फार वाईट, असा त्याचा अर्थ. तो मला कळला, भाषा न येता.

मी म्हटलं, "पोरी, हिला सांग. मला इथं मत नाही. माझ्या वतीनं एक फुली मारायची. सगळ्यात वरच्या साहेबावर." त्या वर्षीच्या कागदावर त्यांच्या मुख्य न्यायाधीशाचंही नाव होतं.

सूनबाई म्हणाली, "अहो बाबा, त्या माणसाचा काय दोष?"

"तुझ्या सासूचा काय दोष होता?"

"पण त्यानं तर निकाल दिलेत, हे काय छापलंय."

"मग तो टिकेल की. ज्याचं त्याचं नशीब. खाली राहून आमच्यावर तारखा कोसळल्या, वर बसून याच्यावर एक फुली कोसळली तर मोडत नाही."

तिनं ते तसंच्या तसं सांगितलं की मऊ करून, मला कळायला मार्ग नाही. म्हातारीनं पत्रकातला फोटो बघितला. मग पर्समधून पेन्सिल काढली आणि पेपरच्या कडेला फुली काढली. किरकोळ, कोपऱ्यात डास बसल्यासारखी. मी पेन्सिल हातातून घेतली. "अशी नाही आजीबाई. वरून खाली, दाब देऊन. दुसरा फटका पहिल्याला कापून गेला पाहिजे." तिनं पुन्हा काढली. तिसरी चांगली जमली.

मतदान शाळेत होतं. मी आणि सूनबाई तिच्याबरोबर गेलो आणि फाटकाबाहेर उभे राहिलो. आत शाळेची स्वच्छ मोकळी फरशी दिसत होती. ती कोण झाडत असेल, हेच माझ्या मनात आलं. म्हातारी बाहेर आली. मी आधी तिचं बोट बघितलं. शाई नाही. सूनबाईला म्हटलं, "हिनं मत दिलं कशावरून? बोटाला खूण कुठाय?"

म्हातारीनं सगळं समजून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही मतदाराला खूण करता. आम्ही न्यायाधीशाला करतो."

"केली का?"

तिनं हवेत दोन फटके मारले. दाब देऊन.

निकाल आले. एकही न्यायाधीश गेला नाही. म्हातारी म्हणाली, तिच्या आठवणीत कधीच कुणी गेलेला नाही. मुलगा म्हणाला, "बघा, म्हणजे काही उपयोग नाही." पण सूनबाईनं पेपर माझ्यासमोर धरला. प्रत्येक न्यायाधीशाच्या नावापुढे आकडा होता: किती लोकांनी फुली मारली, त्याचा. मुख्य साहेबाच्या नावावर मी बोट ठेवलं. त्या आकड्यात कुठेतरी एक फुली आमच्या बाईची होती. तो माणूस मला माहीत नाही, त्याचं माझं वैर नाही, आणि मला त्याची दयाही आली नाही. त्या सकाळी चहा घेताना त्यानं तो आकडा वाचला असणार. आमच्या साहेबाला असला आकडा कधीच वाचावा लागला नाही. त्याचाच मला संताप आहे, आजही आहे.

पुढे आमचा साहेब सरन्यायाधीश झाला नाही. त्याच्या पुढे रांगेत जो होता त्याची मुदत संपायच्या आतच याचं वय भरलं. मुलानं मला आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. "बघा बाबा, देवानं न्याय केला."

"देवानं नाही, जन्मतारखेनं केला," मी म्हटलं. "मला जन्मतारखेचा न्याय नको होता. मला त्याला काढताना बघायचं होतं, हिला काढलं तसं."

निरोप समारंभाचा फोटो होता. शाल, पुष्पगुच्छ, मऊ हसू. मुलाला तो छापून आणायला लावला. मग सूनबाईकडून तांबडी शाई आणि जाड ब्रश मागवला. जमिनीवर पेपर अंथरला आणि बसलो. पहिला फटका टाकला की दुसरा आपोआप पडतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. फुली मारली. मागे सरकून बघितलं: फोटो, आणि त्यावर तांबडी फुली. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला दाखवला असता तर तो म्हणाला असता, याला प्रचंड मतांनी विजयी करायचंय.

म्हणून खाली ठळक अक्षरात लिहिलं, ही फुली जपानची आहे. आणि त्याच्या खाली: साहेब, तुमचा निकाल मी राखून ठेवलेला नाही. दिला.

सूनबाईनं पाकिटावर साहेबाचा दिल्लीचा पत्ता घातला. पोस्टात मी स्वतः जाऊन टाकला.